मस्टरवरची नावं

तुमची नोकरी महाराष्ट्रात असेल तर एकदा सॅलरी स्लिप उघडून बघा. पीएफ आणि टीडीएसच्या आसपास 'पीटी' नावाची एक ओळ असते. दर महिन्याला २०० रुपये, फेब्रुवारीत ३००. वर्षाचे अडीच हजार. इंजिनिअरिंग करून पहिल्यांदा नोकरीला लागलो तेव्हा मी या ओळीकडे ढुंकूनही बघितलं नव्हतं. पीटी म्हणजे प्रोफेशनल टॅक्स, व्यवसाय कर, हे कळलं तेव्हाही वाटलं, असेल काहीतरी.

ही ओळ १९७५ साली आली. शहरात पगार घेणाऱ्याने गावात खडी फोडणाऱ्याची मजुरी भरायची, या हिशोबाने. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात रोजगार हमी योजना उभी राहिली होती. तिच्यामागची कल्पना वि. स. पागे यांची. ते विधान परिषदेचे सभापती होते, आणि त्याआधी सांगली जिल्ह्यातल्या तासगाव भागात त्यांनी हा प्रयोग करून पाहिला होता. मागेल त्याला काम, आणि कामाला पैसा हवा म्हणून शहरी नोकरदारावर कर. पुढे योजनेचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. तेव्हापासून आजपर्यंत दुष्काळ आले, गेले. कर राहिला.

माझी आजी त्या खडी फोडणाऱ्यांत होती. सातारा-सोलापूरच्या सीमेवरचं आमचं गाव, पावसाची बोंब कायमची. १९७२ ला ती विशीत होती, थोरला काका कडेवर. सकाळी पाझर तलावाच्या कामावर जायचं, माती वाहायची, सुकडी मिळायची ती पदरात बांधून घरी आणायची. आजीला वाचता येत नाही. पण एक इंग्रजी शब्द ती इतक्या सराईतपणे वापरते की तो इंग्रजी आहे हे तिला सांगूनही पटत नाही: मस्टर. 'मस्टरवर नाव लागलं.' 'मस्टर भरलं.' 'त्याचं मस्टर आलंच न्हाई.' तिच्या बोलण्यात मस्टर हे पाऊस किंवा पाटील यांच्यासारखं काहीतरी आहे. त्याच्यापुढे आपलं चालत नाही.

मस्टर म्हणजे हजेरीपट. मजुराचं नाव, नवऱ्याचं किंवा बापाचं नाव, गाव, तारखेवार हजेरीच्या खुणा, एकूण दिवस, रक्कम, आणि शेवटच्या रकान्यात अंगठा. आजीच्या अंगठ्याखाली किती दिवस लिहिलेत हे तिला कधीच कळलं नाही. मुकादम म्हणायचा अंगठा उठव, ती उठवायची. 'सहा दिस जायचं न् चार दिसाचं यायचं. इचारलं तर म्हनायचा, कागदावर हाय तेवढं.'

कागदावर आहे तेवढं. माहितीच्या अधिकाराचा इतिहास वाचताना मला हेच वाक्य पुन्हा पुन्हा भेटत राहिलं, फक्त वेगळ्या बोलीत.

तो इतिहास साधारणपणे असा सांगतात: स्वीडनने १७६६ मध्ये जगातला पहिला असा कायदा केला, अमेरिकेने १९६६ मध्ये, आपण २००५ मध्ये. मग राज्यघटनेचं कलम १९. मग १९७५ चा राजनारायण खटला, ज्यात न्या. मॅथ्यू यांनी म्हटलं की सरकारी माणसांनी सार्वजनिक पदावरून केलेलं प्रत्येक काम जाणून घेण्याचा लोकांना हक्क आहे. हे सगळं खरं आहे. पण नुसत्या निकालाने कुठल्या तालुक्याच्या कचेरीतलं कपाट उघडलं नाही. ते उघडलं ते मस्टरच्या भांडणातून, आणि ते भांडण राजस्थानात झालं.

अरुणा रॉय आयएएस होत्या. १९७५ मध्ये त्यांनी नोकरी सोडली, काही वर्षं तिलोनियाच्या संस्थेत काम केलं, आणि १९८७ मध्ये निखिल डे आणि शंकर सिंग यांच्याबरोबर त्या देवडूंगरी नावाच्या गावी राहायला गेल्या. आजच्या राजसमंद जिल्ह्यातलं हे गाव. एक साधं मातीचं घर. त्या वर्षी राजस्थानात मोठा दुष्काळ होता आणि सरकारी दुष्काळी कामं चालू होती. मजुरांना किमान वेतनापेक्षा कमी पैसे मिळायचे. का, असं विचारलं तर उत्तर मिळायचं की तुम्ही तेवढं कामच केलं नाही, मोजमाप पुस्तकात तसं लिहिलंय. बरं, मग पुस्तक दाखवा. तर म्हणे, ते गोपनीय आहे.

गोपनीय! मातीच्या रस्त्याची लांबी-रुंदी. पण हा शब्द हवेतून आलेला नव्हता. इंग्रजांनी १९२३ मध्ये केलेला शासकीय गुपिते कायदा स्वातंत्र्यानंतरही चालूच होता (अजूनही आहे). हेरगिरीसाठीच्या त्या कायद्याची सावली हळूहळू गावच्या हजेरीपटापर्यंत पोचली होती. कागद सरकारचा, म्हणून बघायचा नाही.

१ मे १९९० ला या लोकांनी भीम या गावी मजदूर किसान शक्ती संघटन स्थापन केलं. सुरुवातीला त्यांनी ओळखीचे मार्ग वापरले: उपोषण, धरणं, किमान वेतनाची मागणी. थोडंफार मिळालं, पण दरवेळी गाडी त्याच कागदापाशी येऊन अडायची. मला हा टप्पा फार महत्त्वाचा वाटतो. प्रॉडक्शनला एखादी गोष्ट बिघडली की आम्ही आधी कोडशी झटापट करतो, आणि दोन तासांनी कोणीतरी विचारतं, लॉग बघितलेत का? मजुरांनी हाच प्रश्न विचारला. पगार वाढवा हे मागणं त्यांनी सोडलं नाही, पण त्याच्याआधी एक मागणं ठेवलं. मस्टर दाखवा.

२ डिसेंबर १९९४. पाली जिल्ह्यातली कोट किराना ग्रामपंचायत. एका अधिकाऱ्याने नोंदी बघू दिल्या होत्या, त्यामुळे कार्यकर्त्यांकडे पंचायतीच्या कामांची मस्टर आणि बिलं यांचा तपशील होता. त्यांनी तो वर्तमानपत्राला दिला नाही, कोर्टात नेला नाही. मांडव घातला, गाव बोलावलं आणि वाचायला सुरुवात केली. अमुक कामावर अमुक माणूस, एवढे दिवस, एवढे पैसे. इतकंच. एकेक नाव घेतलं की समोरून कोणीतरी उठायचं. मी तर त्या कामावर गेलोच नव्हतो. तो तर वारलाय. तलाठ्यासाठीची एक इमारत कागदावर पूर्ण झालेली होती, आणि प्रत्यक्षात तिला छप्परच नव्हतं. या प्रकाराला नाव पडलं जनसुनवाई. पुढच्या काही महिन्यांत भीम, विजयपुरा, जवाजा अशा ठिकाणी त्या झाल्या.

थोडं थांबून बघा की इथे नक्की काय घडलं. वाचणाऱ्याला माहीत नव्हतं की कुठलं नाव खोटं आहे. कागदाला तर माहीत असण्याचा प्रश्नच नाही. ते फक्त समोर बसलेल्या गावाला माहीत होतं. बाहेरून कितीही हुशार ऑडिटर आणला तरी त्याला मस्टरवरचा माणूस तीन वर्षांपूर्वी मेलाय हे कळलं नसतं, कारण बेरीज बरोबर होती. सगळा खेळ नावांचा होता. नाव आणि ते ओळखणारा माणूस एकत्र आले की पुरावा तयार व्हायचा.

५ एप्रिल १९९५ ला मुख्यमंत्री भैरोसिंह शेखावत यांनी विधानसभेत जाहीर केलं की पंचायतीच्या कामांच्या कागदांच्या प्रती लोकांना मिळतील. वर्ष गेलं, आदेश काही निघाला नाही. एप्रिल १९९६ मध्ये ब्यावरच्या चांग गेटपाशी लोक धरण्यावर बसले, ते ४० दिवस. लोकसभेच्या निवडणुकीचे दिवस होते. आजूबाजूच्या गावांतून धान्य यायचं, बाजारातले भाजीवाले भाजी द्यायचे. घोषणा होती 'हमारा पैसा, हमारा हिसाब'. पुढच्या वर्षी जयपूरला पुन्हा धरणं, ५३ दिवसांचं. आणि त्याच्या शेवटी जे झालं ते कोणी गोष्टीत लिहिलं असतं तर आपण म्हटलं असतं, जरा अतीच झालं. उपमुख्यमंत्र्यांनी जाहीर केलं की प्रती देण्याचा आदेश तर सहा महिन्यांपूर्वीच राजपत्रात निघालेला आहे. म्हणजे माहिती मिळण्याचा हक्क देणारा कागद सहा महिने सरकारजवळ होता, आणि तो मागायला बसलेल्यांना त्याची माहिती नव्हती.

याच्या पुढचा प्रवास वेगाने झाला, मीही वेगाने सांगतो. १९९६ मध्ये राष्ट्रीय पातळीवर मोहीम उभी राहिली. प्रेस कौन्सिलचे तेव्हाचे अध्यक्ष न्या. पी. बी. सावंत यांनी कायद्याचा मसुदा करून दिला. तामिळनाडू आणि गोवा यांनी १९९७ मध्येच आपापले कायदे केले. गोव्याचं नाव या यादीत इतकं वर आहे हे पुष्कळांना ठाऊक नसतं. केंद्राने २००२ मध्ये एक कायदा संमत केला, पण तो अमलात येण्याची तारीखच कधी जाहीर झाली नाही. रिपॉझिटरीत पडून राहिलेल्या, कधीच डिप्लॉय न झालेल्या कोडसारखा.

महाराष्ट्राने २००० मध्ये केलेला कायदा अगदीच दुबळा होता. अण्णा हजारे यांनी त्याविरुद्ध जोर लावला, २००२ मध्ये त्या जागी नवा अध्यादेश आला, मग विधेयक राष्ट्रपतींच्या संमतीसाठी दिल्लीत अडकलं. ऑगस्ट २००३ मध्ये अण्णा आझाद मैदानात उपोषणाला बसले आणि संमती आली. या कायद्यात एक दात होता: माहिती द्यायला उशीर केला तर अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये दंड, स्वतःच्या खिशातून. २००५ च्या केंद्रीय कायद्यातही हाच आकडा आहे, वर २५ हजारांची कमाल मर्यादा. तो कायदा १२ ऑक्टोबर २००५ ला लागू झाला.

मला एक गोष्ट खटकते. मस्टर महाराष्ट्रात १९७२ पासून होतं. लाखो बायका-बाप्यांनी त्याच्यावर अंगठे उठवले. तरी 'मस्टर दाखवा' ही चळवळ राजस्थानात उभी राहिली. आपल्याकडे रोहयोवर मोर्चे निघाले, नाही असं नाही, पण मला वाटतं ते काम मिळावं आणि दर वाढावा यासाठी होते. कागद मात्र आपण साहेबाकडे सोडून दिला. आजीसारखाच.

२००५ हे वर्ष आणखी एका कारणाने महत्त्वाचं. माहितीच्या अधिकाराबरोबर त्याच वर्षी राष्ट्रीय रोजगार हमीचा कायदाही झाला, आणि देवडूंगरीच्या माणसांचा त्या दोन्हींत हात होता. त्यामुळे रोजगार हमीच्या कायद्यात सामाजिक अंकेक्षण, म्हणजे जनसुनवाईचंच सरकारी रूप, लिहूनच टाकलं गेलं. आणि मस्टर वेबसाइटवर आलं. अर्ज नाही, कोर्ट फी स्टॅम्प नाही. जिल्हा, तालुका, गाव, काम निवडायचं. मस्टर उघडतं, नावांसकट.

लॉकडाऊनमध्ये गावी असताना मी ते फोनवर उघडलं. खरं तर साइट किती वाईट बनवलीय हे बघायला. (फारच वाईट.) आजी शेजारी शेंगा फोडत होती. मी गंमत म्हणून म्हटलं, आजी, हे बघ मस्टर. तिने विचारलं, 'कुनाचं?' मी नावं वाचायला लागलो. चौथ्या की पाचव्या नावाला तिचा हात थांबला. 'ती कशी असंल? ती दिवाळीपासनं लेकीकडं हाय, भोसरीला.' पुढचं नाव. 'व्हय, हा जातो.' पुढचं. 'ह्याच्या तर दारात ट्रॅक्टर हाय, ह्यो कशाला माती वढंल?' वीसेक नावं वाचून झाली तेव्हा आजीने, जिला अक्षर वाचता येत नाही, त्या मस्टरचं ऑडिट पूर्ण केलं होतं. मग शांतपणे म्हणाली, 'म्हंजी अजून तसंच हाय की.'

मी पुढे काय केलं? काही नाही. ज्याने ते काम घेतलं होतं त्याचं घर आमच्या घरापासून चार घरांवर आहे. त्याचा पोरगा आणि मी एका बाकावर बसलेलो. आपण धाडसी असतो तर काय झालं असतं याचा विचार करताना मला तळेगाव दाभाड्याचे सतीश शेट्टी आठवतात. जमिनींचे व्यवहार माहिती अधिकारातून बाहेर काढणारे हे कार्यकर्ते. १३ जानेवारी २०१० ला सकाळी त्यांचा खून झाला. अर्ज करणाऱ्याचं नाव-पत्ता अर्जावर असतो, आणि तो वाचणारा नेहमी फक्त माहिती अधिकारीच असतो असं नाही. म्हणजे नाव उघड होणं म्हणजे काय, हे या कायद्यासाठी मेलेल्या माणसांइतकं कोणाला कळलेलं नाही. खासगीपणाला मी हलकं लेखत नाही, हे सांगायला हे लिहिलं. शिवाय नोकरीत माझं निम्मं काम तेच आहे. ग्राहकाचा फोन नंबर स्क्रीनवर दिसताना शेवटचे चार आकडे सोडून बाकी फुल्या दिसतात ना, तसल्या फुल्या मारणारं कोड मी लिहितो.

म्हणूनच २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आला तेव्हा मी तो कामाचा भाग म्हणून वाचायला घेतला. कंपन्यांनी काय करायचं, संमती कशी घ्यायची, वगैरे. शेवटाकडे कलम ४४(३) होतं, जेमतेम दोन-तीन ओळींचं. ते माहितीच्या अधिकारातलं कलम ८(१)(ञ) बदलत होतं.

मूळ कलम असं होतं: एखाद्याची वैयक्तिक माहिती देणं नाकारता येईल, पण तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नसेल किंवा ती दिल्याने खासगीपणावर विनाकारण घाला पडत असेल तरच, आणि तेव्हाही व्यापक जनहित दिसलं तर द्यावी लागेल. खाली एक परंतुक होतं, की जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही ती कोणालाही नाकारता येणार नाही. म्हणजे माझी आजी आणि तिचा आमदार एका रांगेत. आता नव्या कलमात उरलंय ते एवढंच: वैयक्तिक माहिती असेल तर नाही. अटी गेल्या, परंतुक गेलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये हा बदल अमलात आला. सरकारचं म्हणणं असं, की २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला आहे, आणि जनहितासाठी माहिती देण्याची मुभा कलम ८(२) मध्ये अजून आहेच. आहे खरी. पण ती अधिकाऱ्याने स्वतः जोखून वापरायची मुभा आहे. एका बाजूला माहिती न दिल्याचा दंड, कमाल २५ हजार. दुसऱ्या बाजूला डेटा कायद्यातला दंड, कमाल २५० कोटी. तो कारकुनाच्या खिशातून जाणार नाही हे मला माहीत आहे, पण तालुक्याच्या ठिकाणी टेबलामागे बसलेला माणूस आकडे वाचतो, कलमं नाही. तो कुठल्या बाजूला चूक करेल?

आणि तांत्रिकदृष्ट्या हे इतकं ठोकळेबाज असण्याची गरजच नव्हती. मस्टरवरचा आधार नंबर झाका, बँकेचं खातं झाका, फोन झाका. कुठला रकाना दाखवायचा आणि कुठला नाही हे ठरवणं आमच्याकडे ज्युनियर इंजिनिअर करतो. माहितीच्या कायद्यातही कलम १० आहेच, जेवढा भाग देता येतो तेवढा वेगळा काढून द्यायचा. पण नाव हाच वैयक्तिक तपशील मानला तर कोट किरानाच्या मांडवात वाचण्यासारखं काय उरतं?

हा बदल लागू झाल्यावर मी आयुष्यातला पहिला अर्ज केला. २०२४ च्या उन्हाळ्यात आमच्या गावाला टँकर होते. आजीचं म्हणणं, दोन खेपांपैकी एकच यायची. टँकरचं लॉगबुक असतं. त्यात गाडी नंबर, तारीख, वेळ, आणि खेप मिळाल्याची पोच म्हणून गावातल्या कोणाचं तरी नाव आणि सही. जोडपत्र 'अ', दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, दीडशे शब्दांची मर्यादा, एकच विषय. मी एप्रिल-मेच्या लॉगबुकच्या प्रती मागितल्या. तीस दिवसांच्या आत उत्तर आलं, हे मान्य करायला हवं. पानाला दोन रुपये भरून प्रतीही मिळाल्या.

प्रती स्वच्छ आहेत. गाडी नंबर दिसतो, तारीख दिसते, रोजच्या दोन खेपा दिसतात. चालकाचं नाव आणि पोच देणाऱ्याचं नाव-सही यांच्यावर मार्करने काळ्या पट्ट्या आहेत, सगळ्या पानांवर. सोबतच्या पत्रात लिहिलंय की त्रयस्थ व्यक्तींची वैयक्तिक माहिती असल्याने सदर भाग वगळण्यात आला आहे.

मी ती पानं गावी नेली. आजीला ऐकवायला बसलो. १४ एप्रिल, सकाळी साडेनऊ, पहिली खेप. १४ एप्रिल, दुपारी चार, दुसरी खेप.

'घेतली कुनी?' आजीने विचारलं.

पहिलं अपील टाकलंय. वीस रुपयांचा स्टॅम्प लागतो.